शिरोडकर गेली, पुढे काय?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ची एकच प्रत आहे. पुठ्ठा निखळलाय, शिवण उसवलीय आणि जिथे जिथे शिरोडकर येते तिथे समासात पेन्सिलीने बदाम काढलेत. एका बदामात नाव होतं. ते खोडरबराने पुसलंय.

लग्न ठरलं असावं.

कादंबरी २००४ची, गोष्ट आणीबाणीतली. नववीतला जोशी, वर्गातली शिरोडकर. आधी चोरून बघणं, मग ओळख, मग गप्पा. मग? मग ती गाव सोडून जाते.

मराठी लेखकाला हे झकास जमतं. मैत्रीचं प्रेम व्हायला लागलं रे लागलं की पोरीचं सामान बांधायचं. वाचक रडायला मोकळा, लेखक संसार लिहिण्यातून मोकळा!

सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची. ती वाचून होस्टेलवर उशा भिजवलेली पिढी आज काय करते? मुलीच्या मोबाइलचा पासवर्ड मागते.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला प्रेमाचं वावडं आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. ना. घ. देशपांडे मेहकरात वकिली करायचे. दिवसा दावे, एरवी प्रेमगीतं. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर आली आणि मराठी भावगीत घरोघरी पोचलं. आज मेहकरच्या स्टँडवर कुणी शीळ घालून दाखवावी.

पुढची तारीख कोर्टाचीच.

पण समजा, शिरोडकर गेलीच नसती तर? आणि जोशाच्या नावावर चिखली तालुक्यात पाच एकर कोरडवाहू असती तर?

याचं उत्तर जिल्ह्यातल्याच माणसाने लिहून ठेवलंय. अमडापूरचे सदानंद देशमुख, कादंबरी ‘बारोमास’, साहित्य अकादमी पुरस्कार २००४. म्हणजे ‘शाळा’ आली, त्याच साली. त्यातला एकनाथ शिकलेला. नोकरी लागायला डोनेशन हवं, ते नाही, म्हणून वावरात. बायको अलका शहरातली, तीही शिकलेली. रागावते, कुढते, शेवटी माहेर गाठते. आणि राजेहो, तिला नावं ठेवायची तरी कोणत्या तोंडाने? पाऊस नाही, भाव नाही, घरात पैसा नाही. या त्रिकोणात तिसरा माणूस लागतच नाही.

आज बायोडेटात ‘व्यवसाय : शेती’ लिहा. स्थळ चहा पिऊन परत. मुलीचा बाप स्वतः शेतकरी असतो, म्हणून तर त्याला पक्कं ठाऊक असतं. कॉलेजात चार वर्षं शेजारच्या बाकावर बसलेली मैत्रीणही आधी विचारते, ‘तुझं भरतीचं काय झालं?’

प्रेम आहेच. मेरिट लिस्ट लागायची आहे.

वाचनालयात दोन्ही पुस्तकं एकाच कप्प्यात. ‘शाळा’च्या मागची तारखांची चिठ्ठी भरून दुसरी डकवलीय. ‘बारोमास’वर शिक्के चार. त्यातले दोन माझे.

परवा एक कॉलेजची पोरगी ‘शाळा’ परत करायला आली. डोळे लाल.

“काका, याचा दुसरा भाग आहे का?”

मी ‘बारोमास’ पुढे केलं. तिने मागचा मजकूर उभ्याउभ्याच वाचला, पुस्तक परत कप्प्यात सारलं.

“हे नको. हे घरी चालूच आहे.”