बॉक्सवर न छापलेली ओळ

सात हजार एमबी प्रतिसेकंद! एसएसडीच्या बॉक्सवर हा आकडा एवढ्या मोठ्या टायपात छापतात की बाकीच्या मजकुराकडे लक्षच जात नाही. घरच्या पीसीसाठी एसएसडी घेणाऱ्याने आधी त्या आकड्यावरची नजर काढावी.

जुना पीसी कासवगतीने चालतो, पण ते फाइली मोठ्या असतात म्हणून नव्हे. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली डिस्कच्या कानाकोपऱ्यातून गोळा कराव्या लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. आधी हेड जागेवर सरकणार, मग हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबणार. या हिशेबाने सेकंदाला अशी शंभर कामंही उरकत नाहीत. साधी साटा एसएसडी तीच कामं सेकंदाला हजारोंनी करते. तिच्या बॉक्सवरचा आकडा जेमतेम ५५० असतो, तरी रखडलेलं मशीन तिच्यामुळे उभं राहतं. ५५० वरून ७००० वर गेल्यावर ब्राउझर, ऑफिसच्या फाइली, मुलांचा अभ्यास, बँकेची कामं यांत काय बदललं ते शोधावं लागतं. घरच्या वापरासाठी त्या फरकाचे पैसे मोजू नका. तेच पैसे २५६ जीबीऐवजी ५०० जीबी घ्यायला लावा.

शिवाय मदरबोर्ड जुना असेल तर तो वेग मिळणारच नाही. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये चौथ्या पिढीची एसएसडी चालते, पण साडेतीन हजारांच्या आसपास अडते. एम डॉट टू स्लॉट दिसला म्हणजे ही वेगवान, एनव्हीएमई प्रकारची एसएसडी चालेलच असंही नाही, काही बोर्डांवर तो फक्त साटाचा असतो. बोर्डाचा मॉडेल नंबर टिपून घ्या आणि मगच दुकानात जा. स्लॉट नसेल तर अडीच इंची साटा घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता बॉक्सवर जे सहसा नसतं त्याबद्दल. आतल्या चिपच्या एका पेशीत तीन बिट साठवतात की चार, म्हणजे माल टीएलसी आहे की क्यूएलसी, यावर एसएसडीची खरी कुवत ठरते. क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहिण्यात मंद असते. हा मंदपणा झाकायला कंपन्या चिपचा थोडा भाग वेगवान कॅशसारखा वापरतात. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओचं उदाहरण घ्या. १ टीबीच्या मॉडेलमध्ये ही कॅश जास्तीत जास्त ४२ जीबीची. लग्नाच्या व्हिडिओचं १५० जीबीचं फोल्डर दुसऱ्या एसएसडीवरून तिच्यावर कॉपी करायला घेतलं, तर पहिले ४२ जीबी दीडेक मिनिटात सरकतील. त्यानंतर वेग ८० एमबीवर येतो, म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कपेक्षाही खाली, आणि उरलेल्या १०८ जीबींना बावीस-तेवीस मिनिटं लागतात. सॅमसंगने निदान हा ८० चा आकडा स्वतःच्या माहितीपत्रकात छापला आहे. बऱ्याच स्वस्त एसएसडींच्या बाबतीत तो कुठेच सापडत नाही.

याहून वाईट प्रकार २०२१ मध्ये उघड झाला. क्रुशियल पी२ ही एसएसडी टीएलसी चिप घेऊन बाजारात आली, परीक्षणं तिचीच झाली. पुढे त्याच नावाने, त्याच नंबराने आत क्यूएलसी भरली गेली. वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मध्येही चिप बदलली, आणि कॅश संपल्यानंतरचा वेग ६१० वरून ३९० वर आला. बोभाटा झाल्यावर वेस्टर्न डिजिटलने यापुढे असा बदल केला तर मॉडेल नंबरही बदलू, असं सांगितलं. परीक्षण वाचून, विचार करून पैसे मोजणाऱ्या माणसाच्या हातात वेगळीच वस्तू ठेवायची, ही ग्राहकाची फसवणूक आहे. तिला दुसरा शब्द नको.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर मैदा, साखर, पामतेल हे सगळं क्रमाने छापावं लागतं. काही हजारांच्या एसएसडीवर मात्र आयातदाराचं नाव, उत्पादनाचा देश, एमआरपी वगैरे छापलं की झालं. त्या एमआरपीवरही जाऊ नका. ती फुगवून ठेवायची आणि मग घसघशीत सूट दाखवायची, ही रोजची रीत आहे. दोन दुकानांतला प्रत्यक्ष भाव एकमेकांशी ताडून पाहा.

२०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या आणि भाव चढले. चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी माणूस कधी न ऐकलेल्या ब्रँडकडे वळतो. तिथेच सांभाळायचं. ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ म्हणून मातीमोल भावात विकलेल्या डब्या उघडल्यावर आत मेमरी कार्ड निघाली आहेत. संगणकाला १६ टीबी दिसतात, कारण आतलं सॉफ्टवेअर खोटं सांगतं. कार्ड भरलं की आधीचे फोटो पुसून नवे त्यांच्या जागी बसतात, आणि हे कळतं तेव्हा फोटो गेलेले असतात. शंका असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर चालवून एसएसडी काठोकाठ भरून तपासा, तेही परत करण्याची मुदत संपण्याआधी.

लिहून-लिहून एसएसडी झिजेल, ही भीती घरात बाळगायचं कारण नाही. सॅमसंगच्याच ८७० इव्होच्या ५०० जीबी मॉडेलची हमी ३०० टीबी लेखनाची आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी तेवढं व्हायला चाळीस वर्षं लागतील. तरीही हा टीबीडब्ल्यूचा आकडा बघाच, कारण तो आणि वॉरंटीची वर्षं यांवरून कंपनीचा स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे ते दिसतं. त्याच घराण्यातल्या क्यूव्हीओला तीन वर्षांची वॉरंटी आहे, इव्होला पाच.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा, पुण्याच्या तपकीर गल्लीत जा, नाहीतर घरबसल्या मागवा. ५०० जीबी, टीएलसी, पाच वर्षांची वॉरंटी, जीएसटीचं पक्कं बिल आणि बिलावर सिरियल नंबर, एवढं मागा. वॉरंटी क्लेम कुठे करायचा, तेही विचारून घ्या. ‘सब सेम है’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडे घेऊ नका.

आणि काढलेली हार्ड डिस्क धड असेल तर भंगारात देऊ नका. यूएसबी केसमध्ये ती घाला आणि दर आठवड्याला फोटो-कागदपत्रांची एक प्रत तिच्यावर काढा. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खडखडते. एसएसडी रात्री चालू असते आणि सकाळी संगणकाला दिसतच नाही.