रुईचा रुपया

हिंगणघाटच्या बाजारात गाडीभर कापूस ओतून, अडत्याशी यथासांग हुज्जत घालून, जो कास्तकार नोटांची पुरचुंडी कनवटीला लावून परततो, तो तत्त्वतः कापूस देऊन कापूसच घरी आणतो, फक्त वजनात अतोनात घट सोसून. कारण आपली नोट लाकडाच्या लगद्याची नसून कापसाच्या तंतूंची असते. सदऱ्याच्या खिशात विसरलेली नोट परिटाकडून सुरकुतलेली का होईना, पण जिवंत परत येते, ती याच वस्त्रकुलीन रक्ताच्या जोरावर.

अशा या खानदानी वस्तूला प्लास्टिकचा अवतार देण्याचा घाट मध्यंतरी घातला गेला. ऑस्ट्रेलियाने 1988 सालीच हा मार्ग दाखविला होता. आपल्याकडे 2014 साली कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला व भुवनेश्वर येथे दहा रुपयांच्या 100 कोटी प्लास्टिक नोटा चाचणीदाखल सोडण्याचे जाहीर झाले. ही नगरे हवामानाच्या वैविध्यासाठी निवडली, असे दप्तरी कारण. परंतु ज्या वर्ध्यात मे महिन्यात माणसालाही आपला आकार सांभाळणे कठीण जाते, ते या परीक्षेतून वगळणारा अंमलदार निःसंशय दूरदर्शी असला पाहिजे. शिवाय प्लास्टिकची नोट दुमडली तरी पुन्हा ताठ होऊ पाहते. पदराच्या गाठीत तिने उसळी मारली, तर आमच्या काकूंची काकांपासून आजन्म लपविलेली शिल्लक भर बाजारात जाहीर व्हावयाची. सुदैवाने तो बेत बारगळला.

नक्षीबाबत मात्र आमची तक्रार कायम आहे. गांधीजन्मशताब्दीनिमित्त 1969 साली निघालेल्या नोटांवर बसलेले गांधीजी आणि त्यांच्या पाठीशी आमच्या वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम होता. 1996 च्या मालिकेत गांधीजी आले, सेवाग्राम आले नाही, आणि 2016 पासूनच्या मालिकेत लाल किल्ला, हंपी, सांची, वेरूळ अशा दगडी मातब्बरांची वर्णी लागली. सेवाग्रामच्या माती-बांबूच्या कुटीची वकिली कोणी करावी? म्हणून मीच रिझर्व्ह बँकेकडे पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा केला. परंतु सेवाग्रामपासून जवळच, पवनारला, विनोबांनी पैशावाचून जगण्याचा कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला होता, ही नोंद एखाद्या चाणाक्ष कारकुनाने उकरून काढली, तर ‘ज्या मुलखाला नोटच नको, त्याचे चित्र नोटेवर कशाला?’ असा शेरा मारून तो अर्ज परत करील, या धास्तीने पाकिटावर अद्याप तिकीट चिकटविलेले नाही.