चालकाच्या दरवाजातील साहेबांस खुलं पत्र

मा. मुख्य ॲक्च्युएटर साहेब,
चालकाचा दरवाजा, पॅडच्या मागे.

विषय : आपल्या हुकमांबाबत.

स. न. वि. वि.

कात्रजच्या बाजूला एखादा खड्डा लागला की आपण चारही दरवाजांची लॉकं खटाक् करून उघडता, पुढच्या खड्ड्याला खटाक् करून लावता. ही कार्यतत्परता मागे बसणाऱ्या पाहुण्यांच्याही लक्षात आली आहे. त्यातले काही आता रिक्षाने येतात.

आपल्या अधिकाराबद्दल शंका नाही. आमच्या जुन्या गाडीला बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगच्या किटमध्ये बाकीच्या मोटरींना दोन-दोन वायरी, आपल्याला पाच. दोन स्वतः काम करायला, तीन दुसऱ्यांकडून करून घ्यायला. आपल्या पोटातला स्विच डॅशबोर्डखालच्या डबीला कळवतो आणि डबी सगळ्यांना १२ व्होल्टचा झटका देते. सुलटा झटका आला की लॉक, उलटा आला की अनलॉक. सेकंदभरही लागत नाही. आत्ताच तर उघडलं होतं, असं उलटून विचारायची सोय हाताखालच्यांना ठेवलेलीच नाही.

चौकशी मात्र त्यांचीच झाली. मेकॅनिकने आधी मागच्या डाव्या दरवाजावर ठपका ठेवला आणि नाना पेठेतून नवी मोटर आणून बसवली. मग मागच्या उजव्याची पाळी. चारही दरवाजे एकदम बिघडत असतील तर खोट एकट्या मागच्यात कशी, हा प्रश्न मी विचारला. उत्तरादाखल ‘अख्खं किट बदलून टाकू’ असा प्रस्ताव आला. आपल्या केबिनचा एक स्क्रूसुद्धा तोवर कुणी ढिला केला नव्हता.

शेवटी दुसऱ्या एका वायरमनने आपलं पॅड उतरवलं. हँडलमागचे स्क्रू, कडेच्या क्लिपा (एखाददुसरी तुटतेच, ती धरून चालायची), आतला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. आपण ठणठणीत निघालात. मोटर फिरते, दाते शाबूत, कांडी जागेवर. दुखणं होतं दरवाजा आणि बॉडीच्या मधल्या रबरी बुटात. दरवाजा उघडताना-लावताना वायरी नेमक्या तिथेच वाकतात. वर्षानुवर्षं वाकून त्यांचं आवरण चिरलं होतं, उघडं तांबं एकमेकांना टेकत होतं आणि प्रत्येक टेकण्याला डबी आपली सही समजत होती. थोडक्यात, साहेब, आपल्या दाराबाहेर आपल्या नावाने हुकूम निघत होते, आणि बाकीच्यांबरोबर आपणही ते निमूटपणे पाळत होतात!

चिरलेला भाग कापून तिथे नवी वायर जोडली, डाग दिला, वर स्लीव्ह चढवली. नुसती टेप गुंडाळून भागत नाही, उन्हाने डिंक सुटतो. वायर बोटभर सैलही ठेवली आहे, म्हणजे पुन्हा ताण बसणार नाही. प्लास्टिकचा कागद आठवणीने परत चिकटवून घेतला. पावसाचं पाणी काचेवरून दरवाजात उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं, आपल्या केबिनमधून गाडीत शिरू नये, एवढ्यासाठी तो कागद असतो. मागच्या दोन्ही दरवाजांचे कागद पहिल्या मेकॅनिकने फाडून फेकले. जूनमध्ये तिथे काय होईल, ते जूनमध्ये कळवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गाडीमालक (कागदोपत्री)

प्रत माहितीसाठी : मागचा डावा दरवाजा. आपण निर्दोष ठरला आहात. आपली जुनी मोटर मेकॅनिकने ठेवून घेतल्यामुळे परत मिळणार नाही.