सैतानाशी सौदा : लासूर स्टेशनच्या होतकरू कादंबरीकारासाठी मार्गदर्शिका

विषय जुनाच आहे. माणूस हरतो, सैतान भेटतो, कागदावर सही होते आणि मोडलेला डाव पुन्हा मांडून मिळतो. फाउस्ट नावाच्या जर्मन पंडिताची ही कथा 1587 साली फ्रँकफुर्टला छापली गेली आणि तेव्हापासून लेखकांनी सैतानाला उसंत दिलेली नाही. मार्लोने त्याच्यावर नाटक लिहिलं, गटेने त्यात उभं आयुष्य घातलं, विंदा करंदीकरांनी गटेच्या नाटकाचा पहिला भाग मराठीत आणला. म्हणजे सैतानाला मराठी येतं. तो लासूर स्टेशनला उतरायला आता हरकत नसावी. मात्र कादंबरीकाराने पुढील पथ्यं पाळावीत.

1. पत्ता नीट सांगावा

लासूरगाव वैजापूर तालुक्यात, लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यात. गावात शिवना नदीच्या काठी दाक्षायणी देवीचं ठाणं आहे. स्टेशनावर रेल्वे, मोंढा आणि बाजार. सैतान चुकून गावाकडे गेला तर थेट देवीच्या हद्दीत सापडेल आणि कादंबरी तिसऱ्या पानावर आटोपेल. तेव्हा त्याला मनमाडकडून येणाऱ्या गाडीत बसवावं, आणि ती गाडी लासूरला थांबते की नाही याची आधी खात्री करावी. न थांबणाऱ्या गाडीत बसवला तर तो छत्रपती संभाजीनगरला उतरेल, आणि तिथे त्याला स्पर्धा फार.

2. शिंगं लावू नयेत

गटेचा सैतान काळ्या कुत्र्याच्या रूपात फाउस्टच्या मागे घरापर्यंत येतो. हा प्रकार इथे चालणार नाही. स्टेशनावर काळी कुत्री मुबलक आहेत आणि त्यांच्यामागे कोणी तत्त्वज्ञान शोधत नाही. मुंजाही नको; त्याला पिंपळ सोडवत नाही आणि या धंद्यात फिरावं लागतं. सैतान हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, म्हणून आणावा. पांढरा शर्ट, खांद्यावर रुमाल, गालात सुपारी. प्रत्येकाला तो 'पाव्हणं' म्हणतो आणि प्रत्येकाच्या घरची अडचण त्याला घरच्या माणसाच्या आधी ठाऊक असते. असा माणूस बाजारात दिसला तर कोणाला नवल वाटत नाही.

3. सौदा रुमालाखाली करावा

रक्ताची सही हा युरोपातला रिवाज. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात भाव रुमालाखाली ठरतो: दोघांचे हात कापडाआड, बोटं धरायची, आकडा तोंडाने काढायचाच नाही. चौघांत उभं राहूनही गुपित राहतं, म्हणून आत्म्याच्या व्यवहाराला ही पद्धत सर्वांत सोयीची. नमुना खाली दिला आहे.

'बोला पाव्हणं, काय पाहिजे?'

'दहा वर्षं मागं जायचंय. विहिरीला पाणी होतं तिथवर.'

रुमाल पडतो. सैतान नायकाची चार बोटं धरतो.

'चारच? लई कमी होतंय.'

'आवक बघा की राव. आत्म्याला सध्या उठावच नाही.'

'मग राहू द्या.'

नायक चालू लागतो. दहा पावलं जाऊ द्यावीत, कमी नकोत.

'अहो, असं रुसून कुठं जमतं? या, चहा घ्या. सहा करू.'

निघून जाण्याचा हा भाग कोणत्याही कारणाने गाळू नये. मार्लोच्या फाउस्टसने 24 वर्षांची मुदत स्वतःच्याच तोंडाने सांगून टाकली आणि एक पाऊलही मागे टाकलं नाही. विद्यापीठात शिकलेला माणूस. बाजाराची सवय नव्हती.

4. आत्म्याचा सातबारा काढावा

इथे कादंबरीला किमान ऐंशी पानं सहज मिळतात. सैतानाने कागद पुढे केला की नायकाने विचारावं, 'पण खातं सामाईक आहे, त्याचं काय?' आत्मा वडिलोपार्जित असतो. त्यावर तीन भावांची नावं, दोन बहिणींचा हक्क, चुलत्याची हरकत आणि आजोबांच्या नावावरून अजून न उतरलेला बोजा. बहिणींनी हक्कसोड दिल्याशिवाय खरेदीखत होत नाही, आणि भाऊ भाऊबीजेला गेला नसेल तर हक्कसोड मिळत नाही. मग फेरफार, मग नोटीस, मग हरकतीची मुदत. मधल्या काळात सैतान तलाठ्याला शोधत हिंडतो. तलाठ्याकडे चार गावांचा चार्ज असतो, आणि तो आज ज्या गावात आहे ते सैतान परवाच पाहून आलेला असतो.

वाचकाला इथे सैतानाची दया यायला लागेल. येऊ द्यावी. पुढे उपयोगी पडते.

5. घासाघीस सावित्रीकडून शिकावी

यम सैतान नव्हे, धर्मराज आहे, तेव्हा तुलना जपून करावी. पण दुसरी संधी पदरात पाडून घेण्याचा आपल्याकडचा सर्वांत पक्का व्यवहार महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि वटपौर्णिमेला दोरा गुंडाळताना त्यातली युक्ती आपण पाहतच नाही. यम म्हणाला, सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग. सावित्रीने रडून गोंधळ घातला नाही. तिने सासऱ्याची दृष्टी मागितली, मग त्याचं गेलेलं राज्य, मग वडिलांना शंभर पुत्र. प्रत्येक वेळी सौदा मिटल्यासारखा वाटला आणि प्रत्येक वेळी ती यमासोबत चालत राहिली. चौथ्यांदा तिने स्वतःला शंभर पुत्र मागितले. यमाने दिले. आता ते सत्यवानाशिवाय व्हायचे कसे?

कादंबरीकाराने दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पाहिजे ती वस्तू मागू नये. अशी वस्तू मागावी की ती द्यायची तर पाहिजे ती वस्तू आधी द्यावीच लागेल. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: सावित्रीच्या यादीत पहिलं नाव सासऱ्याचं होतं. फाउस्टच्या यादीत स्वतःशिवाय कोणी नव्हतं.

6. दुसरी संधी स्थानिक असावी

पुन्हा तारुण्य, पुन्हा पहिलं प्रेम, पुन्हा कॉलेज हे सगळं पुण्यातल्या कादंबऱ्यांना राहू द्यावं. लासूर स्टेशनच्या वाचकाला दुसरी संधी म्हटलं की दुबार पेरणी आठवते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मृगात एक सर येते, मातीचा वास सुटतो, शेजाऱ्याची तिफण चालू होते आणि आपला माणूस मिलिमीटर विसरतो. पुढे तीन आठवडे आभाळ कोरडं. मका उगवते, मान टाकते. सरकीचे कोंब ढेकळाखाली वाळतात. मग पुन्हा तेच शेत, तेच आभाळ, फक्त बियाण्याची पिशवी या वेळी उधारीवर.

नायकाला मागे पाठवायचं ते याच जागी. आणि मागे गेल्यावर त्याने काय करावं? बहुतेक कादंबऱ्यांत तो शहाणा होतो. असं लिहू नये, वाचक पुस्तक मिटेल. शेजाऱ्याची तिफण पुन्हा चालू झाली की तो पुन्हा पेरतो. सैतानाचा सगळा नफा या एका गोष्टीवर चालतो: संधी नवी असते, माणूस जुनाच असतो.

अपवाद नाहीत असं नाही. 'तुंबाड' हा सिनेमा 2018 साली थिएटरात आला तेव्हा बेताचाच चालला. 2024 साली पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला. पण त्याची गोष्टच हावरटपणाची होती आणि नियम मोडला तो प्रेक्षकांनी, पात्रांनी नव्हे.

7. शेवट हिशोबपट्टीने करावा

नरकाच्या ज्वाळा घालू नयेत. मे महिन्यात मोंढ्यात उभ्या राहिलेल्या वाचकाला त्यांचं काही वाटत नाही. त्याला भीती कशाची वाटते ते फेब्रुवारी 2023 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं: बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला, भाव मिळाला किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात 2 रुपयांचा चेक पडला. तोही पुढच्या तारखेचा. इतका अचूक तपशील कुठल्याही सैतानाला सुचलेला नाही.

म्हणून मुदत संपल्यावर सैतानाने गदा, त्रिशूळ, साखळदंड काही आणू नये. त्याने खिशातून एक पिवळी पट्टी काढावी. डाव्या रकान्यात जमा: मिळालेली वर्षं, सहा. उजव्या रकान्यात वजा: आईची तीन, कारण दवाखान्याचे पैसे बियाण्यात गेले. पोराची दोन, कारण त्याची शाळा सुटली. बायकोची किती, ते रुमालाखाली ठरलं होतं आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. खाली निव्वळ देय, आणि सहीला जागा.

ही पट्टी कोणी वाचायची, एवढाच निर्णय कादंबरीकाराच्या हातात उरतो. नायकाने वाचली तर तो उसासा टाकील, समीक्षक त्याला शोकांतिका म्हणतील आणि एखादा पुरस्कार मिळून जाईल. बायकोने वाचली तर ती आधी बेरीज तपासील, मग सैतानाला खाली बसवील आणि विचारील, 'हे माझ्या नावावर टाकलं कोणी?' असं झालं तर पुस्तक संपत नाही. दुसरा भाग लिहायला घ्यावा, आणि त्यात सौदा तिला करू द्यावा.