विसरवाडीचे खलाशी

टाउन्सव्हिल, क्वीन्सलँड
जुलै

तीर्थरूप आबा आणि आई,

आम्ही दोघं एका बत्तीस फुटी शिडाच्या होडीवर खलाशी म्हणून इथून केर्न्सपर्यंत जाणार, हे कळल्यापासून तुमच्या बाजूने फोनवर एकटं कोणी येतच नाही, अख्खी पंचायत येते. चौघं एकदम बोलले की शेवटी आईचं रडणं तेवढं ऐकू येतं. म्हणून लेखी कैफियत. माझं म्हणणं एवढंच, की लहान होडीला समुद्राकाठी जन्मलेला माणूस लागत नाही. थोड्या जागेत, थोड्या पाण्यावर, सांगितलेलं मुकाट ऐकून आणि वेळ पडली तर रात्र जागून नांदणारा माणूस लागतो. आणि अशी माणसं आपल्या विसरवाडीत, अख्ख्या नवापूर तालुक्यात, घरटी दोन सापडतील.

भाऊकाकांचा पहिला हल्ला असा, की सात पिढ्यांत कोणी समुद्रावर गेलं नाही, रक्तातच नाही ते. काकांनी ‘तारिणी’चं उदाहरण पाहावं. ही छप्पन्न फुटी होडी गोव्यात दिवाडी बेटावर बांधली. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा बायका तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परत आल्या. २५४ दिवस, एकवीस हजारांहून जास्त सागरी मैल. आता या सहाजणी कुठल्या? कप्तान वर्तिका जोशी ऋषिकेशच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, प्रतिभा जामवाल कुलूच्या, विजया देवी मणिपूरच्या, ऐश्वर्या बोड्डापाटी हैदराबादच्या. समुद्राकाठच्या म्हणाव्यात तर एकट्या विशाखापट्टणमच्या स्वाती. कुलूच्या मुलीला केप हॉर्न जमतं, तर विसरवाडीकराला केर्न्स का जमू नये? काका म्हणतील, त्या अधिकारी होत्या, शिकलेल्या होत्या. अहो, हाच तर माझा मुद्दा! दिलीप दोंदे यांनी, म्हणजे २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारणाऱ्या पहिल्या भारतीयाने, त्यांना शिकवलं. जे शिकवता येतं ते रक्तात असावं लागत नाही. आणि रक्ताचंच काढायचं तर सुरत बंदराचा माल बुऱ्हाणपूरला जायचा तो नवापूर-नंदुरबारवरूनच. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए सतराव्या शतकात त्या वाटेने गेला आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो असं लिहून गेला. आजही विसरवाडीहून सुरत दीडशे किलोमीटरच्या आत आहे, पुणे त्याच्या दुपटीहून लांब. तरी पुण्याला निघालेल्या पोरासाठी कोणी रडत नाही.

आबा, तुमची भीती मला जास्त पटते. तुमच्या डोळ्यांपुढे जुलैतला अरबी समुद्र आहे. कोकणात या दिवसांत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, नारळी पौर्णिमेशिवाय कोणी पाण्यात पाऊल टाकत नाही. ते शहाणपणाचंच आहे. पण इथलं पंचांग उलटं. इथली वादळं नोव्हेंबर ते एप्रिल, आत्ता हिवाळा चालू आहे आणि आग्नेयेचा वारा दिवसचे दिवस एका बाजूने वाहतो. आम्ही जाणार उत्तरेला, म्हणजे वारा पाठीशी. शिवाय बाहेर तेवीसशे किलोमीटर लांबीचं प्रवाळाचं कुंपण आहे. महासागराची मोठी लाट त्यावरच फुटते, आत येतात त्या आखूड, खडखडणाऱ्या लाटा. त्यांनी जीव जात नाही, जेवण जातं. अभिलाष टॉमींचं काय झालं ते टीव्हीवर पाहिलंत, हे खरं. एकट्याने जगफेरी मारण्याच्या २०१८ च्या शर्यतीत त्यांची डोलकाठी मोडली, पाठ मोडली. पण ते दक्षिण हिंदी महासागरात, किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर. आमच्या डाव्या हाताला ऑस्ट्रेलिया असणार. आणि तेच टॉमी २०२३ मध्ये तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पुरी करून आले, हे मात्र घरात कोणी पाहिलेलं दिसत नाही.

‘पोहता कुठं येतं तुम्हाला?’ हा आईचा प्रश्न रास्त वाटतो, पण हिशेब करून पाहा. होडी पाच नॉटने चालते, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्या वर. पन्नास मीटरचा जागतिक विक्रम करणारा पठ्ठ्यासुद्धा नऊच्या आतच राहतो, आणि तोही वीस-एकवीस सेकंदच. तेव्हा पडलेल्याने पोहत होडी गाठायची ही कल्पनाच सोडा, पडायचंच नाही. त्यासाठी छातीला पट्टा असतो आणि त्याची दोरी होडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ताणलेल्या पट्टीत अडकवून मगच पुढे सरकायचं. सुसरी-मगरींचं म्हणाल, तर त्या मुख्यतः खाडीत आणि खारफुटीत असतात, कधी समुद्रातही येतात. तेव्हा काठावर भांडी घासायला बसायचं नाही आणि पाण्यात उतरायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं. बोट लागेल, ते मात्र मान्य. नेल्सनला आयुष्यभर लागायची, तरी तो नौसेनापती झाला. आत्याला कोंडाईबारीच्या घाटात एसटी लागते, तरी ती धुळ्याला जायची थांबत नाही.

आता कामाचं बोलू. दोनेकशे लिटरची टाकी, माणसं तीन. ताटं खाऱ्या पाण्याने घासायची, गोडं पाणी फक्त शेवटच्या विसळण्यापुरतं. एप्रिल-मेमध्ये हापशावर रांग लावलेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. शेगडी दोन टेकूंवर झुलती असते. होडी कलते, भांडं सपाट राहतं. तरी उघडं पातेलं उसळतंच, म्हणून जाणते लोक कुकर वापरतात, कारण त्याचं झाकण आवळलेलं असतं. जगभरचे दर्यावर्दी ज्या युक्तीची तारीफ करतात, ती आईच्या ओट्यावर रोज तीन शिट्ट्या मारते. रात्री चालत राहायचं ठरलं तर तीन-तीन तासांची पाळी. म्हणजे माळ्यावर बसून रानडुकरांपासून मका राखणं. इथे डुकराऐवजी जहाज. लांबचा दिवा दिसला की तो आपल्या होडीच्या कुठल्या खुंटाच्या रेषेत आहे ते बघून ठेवायचं. थोड्या वेळाने रेष सरकली असेल तर तो बाजूने जाणार. तिथेच राहून दिवा मोठा होत असेल, किंवा लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसत असतील, तर तो आपल्याच अंगावर येतोय; कप्तानाला उठवायचं.

राहिला आक्षेप पैशाचा: फुकट का राबायचं? पगार नाही, उलट किराण्याचा वाटा आपणच द्यायचा, हे खरं आहे. पण होडी कप्तानाची, डिझेल त्याचं, आणि आम्हाला जे येत नाही ते शिकवणारही तोच. तालमीत उस्तादाकडे पगार मागतात का? परका माणूस आहे, ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. त्याच्याआधीच्या खलाशांना फोन करायचे, रेडिओ आणि जॅकेटं डोळ्यांनी पाहायची, आधी एक दिवस बरोबर जाऊन यायचं, आणि नांगर टाकताना तो ओरडतो का ते ऐकायचं. ओरडला तर रामराम. आत्याने विचारलंय, माणूस आपल्यातला आहे का. आबा, तो टास्मानियाचा आहे.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. नवापूरची तूरडाळ टपालाने पाठवू नका. इथलं जैवसुरक्षा खातं डाळीच्या पिशवीकडे, तुम्ही कप्तानाकडे पाहता त्याहून जास्त संशयाने पाहतं. इथल्या इंडियन दुकानातून दोन किलो घेतली आहे.