गिरडला निघालेलं घर

समुद्रपुरात समुद्र नाही, हे आमच्या भाऊजींना लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. पण इथं प्रेअरी आहे, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. ते मिनेसोटात राहतात. दर उन्हाळ्यात चाकांवरचं घर भाड्यानं घेऊन, साउथ डकोटाचं माळरान ओलांडून ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत जातात. परवा आमच्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहून म्हणाले, "अगदी असंच! तिकडंही गवत कुठं राहिलंय आता? सगळा मका नि सोयाबीन." सोयाबीन म्हटल्याबरोबर बाबांनी तिकडचा भाव विचारला.

मग ठरलं, एक दिवस तसंच गिरडला जायचं. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आमच्या गल्लीत ते अजून पोचायचंय. म्हणून मंडपवाल्याचा मेटॅडोर सांगितला. आत लोड, गाद्या आणि कालच्या लग्नातल्या झेंडूचा वास.

भाऊजी म्हणाले, "सामान गरजेपुरतंच." आईनं गोवऱ्यांचं पोतं, कणकेचा डबा, वांगी, तेलाची कॅन, परात आणि पाटा-वरवंटा चढवला. "हे गरजेचं नाई का, जवाईबापू?"

वाटेत भाऊजींनी तिकडच्या गाडीची रचना समजावली. ओटा, पलंग, संडास, सगळं आत. सांडपाण्याची टाकी वेगळी, संडासाची वेगळी, आणि ती भरली की नळी लावून आपल्याच हातानं रिकामी करायची.

"सुट्टीवर जाऊन?" आईनं विचारलं. पुढचे दोन मैल मेटॅडोरात कुणी बोललं नाही.

भाऊजींना हायवे हवा होता. ड्रायव्हरला काही उमजेना. "गिरडले जायचं न? मंग जामले कायले?" तरी नेलं. जामला चंद्रपूरचा रस्ता फुटतो, आणि पूर्वीचा सात नंबर, आताचा ४४, श्रीनगरहून कन्याकुमारीकडं निघून जातो. भाऊजींनी चौरस्त्यावर फोटो काढला, आम्ही चहा प्यालो आणि गाडी वळवली.

परतताना उंट दिसले. कच्छकडचे रबारी, वर्षानुवर्षं विदर्भात मेंढ्या चारणारे. पुढच्या उंटावर उलटी बाज बांधलेली. तिच्या चार खुरांमध्ये हंडे, गोधड्या, दोन कोकरं आणि गाढ झोपलेलं एक पोर. पोराचा काळा दोरा बांधलेला पाय बाहेर लोंबत होता आणि उंटाच्या चालीबरोबर हलत होता. भाऊजी उतरून बघतच राहिले.

"रात्री थांबायचे किती देतात हे? आम्हाला वीज-पाण्यासकट पन्नास-साठ डॉलर पडतात."

"ते कायले देतीन?" बाबा म्हणाले. "वावरात मेंढ्या बसवल्या त वावरवालाच त्याईले देते. धान्य, नाई त पैसे. लेंडीखत भेटते न!"

मुक्काम करणाऱ्यालाच भाडं! भाऊजींनी मोबाईलमध्ये काहीतरी हिशेब केला आणि गप्प बसले.

गिरडची टेकडी म्हणजे आमचा हिमालय. ब्लॅक हिल्सचं सर्वांत उंच शिखर २,२०७ मीटर आहे म्हणे. आमची टेकडी रोडगे भाजून होईपर्यंत चढून-उतरून होते. वर शेख फरीदबाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघंही येतात. फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी इथली कथा. जायफळासारखे ते गोल खडे टेकडीवर सापडतात. भूशास्त्रवाले त्यांना झिओलाइट म्हणतात. आईनं भाऊजींना बजावलं, "इथं कोणाची थट्टा करू नका, बापू. बॅगेत लॅपटॉप हाय तुमचा."

खाली गोवऱ्यांच्या आरात रोडगे फुगले होते. राख झटकून, कुस्करून, त्यावर तूप आणि वांग्याची रस्सेदार भाजी. भाऊजी तिसऱ्या रोडग्यानंतर मेटॅडोरात चढले, लोडाला टेकले आणि घोरू लागले. तिकडं गाडी स्वतःच चालवावी लागते, त्यामुळे हे सुख त्यांना नवीन असावं.

पाच वाजता ड्रायव्हर घाईला आला. संध्याकाळी त्याला याच गाद्या हिंगणघाटच्या लग्नात पोचवायच्या होत्या. आता जावयाला उठवायचं कोणी? आई बाबांकडं बघे, बाबा माझ्याकडं.

ड्रायव्हरनं मागचं फाळकं लावून टाकलं. "राहू द्या न. तिथंबी जवाईच पायजे."