तिसरा ॲम्प

जालन्याहून वाटूर फाट्यापर्यंत एसटीत एक ॲम्प्लिफायर मांडीवर घेऊन आलो. कंडक्टरने विचारलं, "इन्व्हर्टर का?" मी हो म्हणालो. घरात होम थिएटर असताना आणखी दोन डबे कशाला, हे चालत्या गाडीत समजावून सांगण्यासारखं नव्हतं. घरी तर मुळीच नव्हतं.

माझं म्हणणं तसं शास्त्राला धरून होतं. खोक्यावर 'चॅनेलला 100 वॅट' छापलेलं असतं, पण ते बहुतेकदा दोनच चॅनेल चालवून मोजलेलं. पाचही स्पीकर एकदम वाजायला लागले की सगळे एकाच ट्रान्सफॉर्मरच्या पंगतीला बसतात आणि वाढपी एकच. पडद्यावर स्फोट झाला की समोरचे दोघं ताट भरून घेतात, बाकीच्यांना वरणही पुरत नाही. तरीही आवाजाचं बटण फिरवत राहिलात, तर लहरींचे माथे छाटले जातात आणि जळतो बिचारा ट्विटर, ज्याने काहीच केलेलं नसतं. म्हणून समोरच्या दोघांना वेगळा ॲम्प, मग त्यांच्यातल्या वूफरना आणखी वेगळा. चूल वेगळी केली की भांडण मिटतं, हा आपल्याकडचा जुनाच तोडगा.

चुली तीन झाल्या. आवाज स्वच्छ झाला, हे मान्य. पण मोठा? वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला 10 लागतात, म्हणजे वॅट दहापट. डेसिबलमधला 'बेल' हा टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचा. पण हिशेब सगळा कानाचा आहे, आणि कान हा जुन्या वळणाचा सावकार. दहा घेतो, दोनाची पावती फाडतो.

शिवाय सप्ताह सुरू झाला की माझं सगळं दुकान देवळावरच्या भोंग्यापुढे फिकं. एका वॅटवर, एका मीटरवर घरातला स्पीकर 85 ते 90 डेसिबल देतो. भोंगा सहज शंभरी ओलांडतो. पत्र्याच्या त्या कर्ण्याला तीन ॲम्पची गरज नाही, एका काकड्याची आहे.

तिसरा ॲम्प जोडला त्या रात्री सिनेमा थांबवला, तरी खोलीत एक गुंजन राहिलं. डबे तीन, बोर्ड तीन, अर्थिंगच्या वाटा तीन. त्यांच्या फेऱ्यात विजेचे 50 हर्ट्झ शिरले होते. आबा भजनी मंडळातले. ते बाजेवरून उठून आले.

"हे काहून गुणगुणायलंय रे?"

मी अर्थ-लूप समजावू लागलो. त्यांनी ऐकलं नाही. पेटी ओढली, खर्जातल्या पांढरी पाचवर बोट ठेवलं आणि भाता हलवत कान दिला.

"थोडा चढाय," म्हणाले. "पर हालत नाही."

दुसऱ्या दिवशी तिन्ही डबे एकाच बोर्डावर घेतले. गुंजन गेलं. तेव्हापासून रोज सांजेला, हरिपाठाच्या आधी, आबा दारातून विचारतात, "तुझा तो सूर लावतो का जरा?"